मूल कुणाकडे, किती वाजता, कुठून?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी आलेली बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत: नवरा-बायको वेगळे होताना मुलांचं काय? पत्रांतला ओळख पटेल असा तपशील आम्ही काढून टाकला आहे. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेली जोडपी धरून उत्तरं दिली आहेत. दुसऱ्या धर्मासाठी नियम वेगळा असेल तिथे तसं म्हटलं आहे.

प्रश्न : आमचं पटेना म्हणून गावातल्या चार मोठ्या माणसांसमोर ५०० रुपयांच्या स्टँपवर सोडचिठ्ठी लिहिली, नोटरीही केली. सहा वर्षांची मुलगी माझ्याजवळ राहील आणि 'वडील तिला कधीही भेटू शकतील' असं त्यात आहे. आता ते रात्री दहाला दारात उभे राहतात. नाही म्हटलं की कागद दाखवतात. या कागदाला किंमत किती? (उचगाव)

कोर्टाच्या लेखी हा कागद घटस्फोटही नाही आणि मुलीच्या ताब्याचा हुकूमही नाही. काही समाजांत रूढीने काडीमोड होते आणि हिंदू विवाह कायद्याचं कलम २९(२) ती मानतं. पण तशी रूढी आहे हे पुराव्याने शाबीत करावं लागतं. बाकीच्यांचं लग्न नोटरीच्या शिक्क्याने मोडत नाही. तरीही कागद फाडू नका. मुलगी तुमच्याजवळ राहावी हे वडिलांनी सही करून मान्य केलं होतं, एवढं सांगायला तो उपयोगी पडेल.

दोघांना वेगळं व्हायचंच असेल तर सरळ वाट म्हणजे कलम १३(ब)खाली संमतीने घटस्फोट. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहत असायला हवं. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबावं लागतं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर, सगळ्या बाबी मिटल्या असतील तर हा थांबा माफ करण्याची विनंती करता येते. अर्जासोबत तडजोडीच्या अटी जोडतात. मुलीचा विषय तिथे नीट लिहून घ्या, कारण त्याच अटी पुढे हुकूमनाम्यात येतात.

तुमचं सगळं दुखणं 'कधीही भेटू शकतील' या वाक्यात आहे. असं लिहिताना सगळ्यांना मोठ्या मनाचं वाटतं आणि तीन महिन्यांत त्याच वाक्यावरून पोलीस ठाणं गाठावं लागतं. त्याऐवजी अशी भाषा घ्या:

'दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वडील मुलीला शाळेतून घेतील आणि रविवारी सायंकाळी ६ वाजता आईच्या घरी आणून सोडतील. दर बुधवारी सायंकाळी ७ ते ७.२० या वेळेत वडील मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलतील. मुलगी आजारी असल्यास आई सकाळी ९ च्या आत कळवील व डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवील. ती भेट पुढच्या शनिवारी होईल. वडिलांना ४५ मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाल्यास त्या दिवसाची भेट रद्द समजावी.'

देवघेव शाळेतून झाली तर आईबाप समोरासमोर येत नाहीत आणि निम्मी भांडणं तिथेच टळतात. मात्र मुलीला कोण नेऊ शकतं याची सही केलेली यादी शाळेच्या कार्यालयात द्या. शाळेला सुट्टी असेल तेव्हासाठी महावीर उद्यानाचं फाटक किंवा दोघांना चालणाऱ्या नातेवाइकाचं घर ठरवा. मध्यवर्ती बसस्थानक ठरवू नका. गाडीला उशीर झाला की मूल गर्दीत तासभर ताटकळतं आणि मग 'मी आलो होतो', 'तुम्ही आलाच नाही' सुरू होतं.

सणांचं आधीच लिहा, नाहीतर दर दिवाळीला वकिलाकडे जाल. एका वर्षी लक्ष्मीपूजन आईकडे आणि भाऊबीज वडिलांकडे, पुढच्या वर्षी उलट. गणपतीत किती दिवस, नवरात्रात त्र्यंबोलीची जत्रा कुणासोबत, चैत्रात जोतिबाला कोण नेणार, वाढदिवशी अर्धा दिवस कुणाचा, हेही येऊ द्या. मे महिन्याची सुट्टी सलग दोन तुकड्यांत वाटा. लहान मुलांना दर तीन दिवसांनी घर बदलणं झेपत नाही.

पैशांच्या अटीत दरमहा रक्कम, ती जमा करायची तारीख, कोणतं खातं आणि दरवर्षी किती वाढ, हे चारही हवं. शाळेची फी वडिलांनी थेट शाळेत भरणं उत्तम. दवाखान्याचा मोठा खर्च कुणी किती टक्के करायचा तेही ठरवा. 'आई मुलीसाठी यापुढे कधीच पोटगी मागणार नाही' अशी अट काही जण घालतात. तिचा उपयोग नाही, कारण मुलीचा पोटगीचा हक्क आईला सोडून देता येत नाही.

शेवटी कागदपत्रं: जन्मदाखला आणि आधार कार्ड मूळ कुणाकडे व छायाप्रत कुणाकडे, शाळा बदलायची तर दाखला काढण्याआधी दुसऱ्याची लेखी संमती. दाखला परस्पर काढून मूल दुसऱ्या गावी घातल्यामुळे बऱ्या चाललेल्या तडजोडी फिसकटतात.

प्रश्न : बायको चार वर्षांच्या मुलाला घेऊन मिरजेला माहेरी गेली. सात महिने झाले. पाच वर्षं पुरी झाली की मुलगा आपोआप बापाकडे येतो असं ऐकलंय, म्हणून गप्प बसलोय. बरोबर करतोय ना? (राजारामपुरी)

नाही. थांबलात तेवढं तुमचंच नुकसान झालं.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ चं कलम ६ सांगतं की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. पाच पूर्ण झाल्यावर तो बापाकडे जावा, असं त्यात कुठेच नाही. वडील नैसर्गिक पालक आहेत हे खरं. पण पालकत्व ही एक गोष्ट आणि मूल रोज कुणाजवळ झोपतं ही दुसरी. शिवाय १९९९ च्या गीता हरिहरन खटल्यानंतर, वडील हयात असले तरी प्रत्यक्षात मुलाचं बघत नसतील तर आईलाही पालक म्हणून वागता येतं. कलम १३ या सगळ्याच्या वरचं आहे: मुलाचं हित आधी. मुस्लिम कायद्यात, हनफी पंथात, मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईला हिजानतचा, म्हणजे मूल जवळ ठेवून सांभाळण्याचा, हक्क आहे. पण तिथेही कोर्ट हित पाहतंच.

सात महिन्यांत तुमच्या मुलाची बालवाडी, मित्र, आजोळची झोपेची वेळ सगळं मिरजेत बसलं. चालू घडी विनाकारण मोडायला न्यायाधीश नाखूश असतात. दुसरी अडचण हद्दीची. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ९ प्रमाणे अर्ज मूल जिथे नेहमी राहतं तिथे चालतो. समोरचा वकील 'मूल मिरजेत राहतं, सांगली जिल्ह्यातच या' असं म्हणणारच. मात्र लग्न कोल्हापुरात झालं असेल किंवा शेवटचा संसार इथे केला असेल, आणि नांदायला येण्याचा किंवा घटस्फोटाचा अर्ज तुम्ही कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयात केला, तर त्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलाबद्दल अर्ज जोडता येतो. केवळ मुलासाठी खोटा नांदण्याचा अर्ज मात्र करू नका. उलटतपासणीत तो उघडा पडतो.

पहिली मागणी ताब्याची नको, भेटीची करा. अंतरिम अर्जात महिन्यातून दोनदा, दोन तास, समुपदेशकांच्या खोलीत, एवढ्यापासून सुरुवात करा. ते बरं चाललं की घरी नेणं, मग रात्रीचा मुक्काम असं वाढवून मागा. पहिल्याच तारखेला 'मूल माझ्या हवाली करा' म्हणणाऱ्याला बऱ्याचदा भेटही उशिरा मिळते.

ताबा मागायचाच असेल तर पगाराची चिठ्ठी पुरत नाही. तुम्ही शिरोली एमआयडीसीत पाळ्यांत काम करत असाल तर रात्रपाळीच्या आठवड्यात मूल कुणाजवळ झोपणार, सकाळी डबा कोण करणार, ताप आला तर सुट्टी कोण घेणार, हे विचारलं जातं. त्याची उत्तरं अर्जातच हवीत. तुमची आई बघणार असेल तर तिचं वय, तब्येत आणि तिचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र द्या. सोबत लसीकरणाचं कार्ड, बालवाडीच्या फीच्या पावत्या, दवाखान्याचे कागद जोडा. व्हॉट्सॲपचे संदेश दाखवायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. नुसत्या छापील प्रतीवर हरकत येते. आणि फोन बदलू नका, मूळ संदेश त्यातच राहू द्या.

प्रश्न : दहा महिन्यांचं बाळ सासरच्यांनी ठेवून घेतलं आणि मला घराबाहेर काढलं. पोलीस म्हणतात, बाप आहे त्याचा, पळवून नेल्याचा गुन्हा कसा नोंदवू? मी माहेरी आहे. (गडहिंग्लज तालुका)

कोर्टाचा हुकूम नसताना बापाने मूल जवळ ठेवलं तर पोलीस सहसा अपहरणाचा गुन्हा नोंदवत नाहीत. त्यासाठी ठाण्यात वेळ घालवू नका. घडलेलं लिहून तक्रार अर्ज द्या, पोच घ्या आणि त्याच दिवशी पुढच्या कामाला लागा.

कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. कलम २७ मुळे तुम्ही सध्या, तात्पुरत्या का होईना, जिथे राहता तिथल्या कोर्टात तो चालतो, म्हणजे सासरच्या तालुक्याला खेटे घालायला नकोत. मुख्य अर्ज कलम १२ चा, बाळाच्या तात्पुरत्या ताब्याची मागणी कलम २१ ची, आणि तातडीसाठी कलम २३ चा अंतरिम अर्ज. तिन्ही एकाच वेळी दाखल करा. कायद्याप्रमाणे पहिली तारीख सर्वसाधारणपणे तीन दिवसांच्या आत लागावी. प्रत्यक्षात पुढे ढकलली जाऊ लागली तर तातडीचा विनंती अर्ज देऊन बाळाचं वय तोंडी सांगा.

अर्जात काय लिहायचं? बाळ अंगावर पितं का, शेवटचं कधी पाजलं, तुम्हाला कोणत्या तारखेला किती वाजता बाहेर काढलं, तेव्हा कोण हजर होतं. माता-बाल संरक्षण कार्ड तुमच्याकडे असेल तर ते जोडा. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस राहिली असेल तर ते ठळक लिहा. सासूबद्दल चार पानं लिहिण्यापेक्षा ही एक ओळ जास्त काम करते.

वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. इतक्या लहान बाळासाठी उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिकेचाही, म्हणजे बाळाला कोर्टापुढे हजर करा असा हुकूम मागण्याचाही, मार्ग आहे.

प्रश्न : बायको पोरांना भेटू देत नाही. मग मी पोटगी का भरू? (जयसिंगपूर)

कारण पोटगी पोरांची आहे. भेट आणि पैसा ही दोन वेगळी खाती कोर्ट एकत्र करत नाही. थकबाकीसाठी वसुलीचं वॉरंट निघू शकतं, तुरुंगातही जावं लागू शकतं. आणि भेटीचा अर्ज कराल तेव्हा पहिला प्रश्न 'पोटगी भरली का' हाच येईल. भरत राहा, बँकेतूनच भरा, आणि भेटीसाठी वेगळा अर्ज करा. तुमच्या पत्नीलाही हेच लागू: पैसे थकले म्हणून हुकमातली भेट तिला स्वतःहून बंद करता येत नाही.

प्रश्न : मुलगा वारला. सून आठ वर्षांच्या नातवाला घेऊन माहेरी गेली. दोन वर्षं तोंड बघितलं नाही. आजीला काहीच हक्क नसतो का? (कागल)

आजी, वडिलांच्या पश्चात आईच नैसर्गिक पालक. ती नीट सांभाळत असेल तर नातवाचा ताबा तुम्हाला मिळणं फार अवघड आहे, त्या वाटेला जाऊ नका. भेटीचं मात्र मागता येतं. नातवाला वडिलांकडच्या माणसांचा लळा राहावा हे त्याच्या हिताचंच, हे न्यायालयं मान्य करतात. खटल्याआधी कसबा बावड्याच्या न्याय संकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व मध्यस्थीचा अर्ज द्या. सुनेला नोटीस जाईल आणि तटस्थ मध्यस्थासमोर बोलणं होईल.

एक विचारतो, रागावू नका. सातबाराला वारसनोंद झाली का? अशा पत्रांत न भेटण्यामागे पुष्कळदा जमीन असते. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलाच्या हिश्श्यात त्याची आई, बायको आणि मुलं हे पहिल्या वर्गाचे वारस, सारख्या वाटणीचे. सुनेचं आणि नातवाचं नाव लावायला तुम्हीच तलाठ्याकडे अर्ज दिलात तर बोलणी पुष्कळ सोपी होतील.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला न्यायाधीश बोलावणार आहेत. तिला काय सांगायला शिकवू? (इचलकरंजी)

काहीही शिकवू नका.

पालक व पाल्य अधिनियमाचं कलम १७(३) म्हणतं की मूल समजूतदारपणे पसंती सांगण्याच्या वयाचं असेल तर ती विचारात घ्यावी. वयाचा आकडा कायद्यात नाही. न्यायाधीश तिच्याशी आपल्या दालनात बोलतात, बहुतेक वेळा आईवडील आणि वकील बाहेर असतात. प्रश्न साधे असतात: शाळा कोणती, मैत्रीण कोण, सकाळी कोण उठवतं, बाबांकडे गेल्यावर काय करता. 'कुणाकडे राहायचं' हा प्रश्न थेट येईलच असं नाही.

पढवलेलं मूल ओळखू येतं. 'माझे वडील व्यसनाधीन व बेजबाबदार आहेत' असं अकरा वर्षांची पोर आपणहून म्हणत नाही, हा शब्द अर्जातून आलाय हे न्यायाधीशांना लगेच कळतं. मग ती खरं बोलली तरी वजन कमी होतं आणि शिंतोडे तुमच्यावर उडतात. तिला इतकंच सांगा की काका किंवा मावशी तुझ्याशी गप्पा मारतील, खरं वाटेल ते बोल, आणि तू काय बोललीस ते मी विचारणार नाही. मग खरंच विचारू नका. त्या दिवशी डबा-पाणी सोबत घ्या, सकाळची तारीख दुपारवर जाते. परीक्षा असेल तर वेळापत्रक जोडून दुसरी तारीख मागा, सहसा मिळते.

प्रश्न : भेटीचा हुकूम हातात आहे, पण मूल आणतच नाहीत. आता काय? (शाहूपुरी)

ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी जा. पोचल्यावर एक संदेश: 'मी ४ वाजता आलो आहे.' अर्ध्या तासाने दुसरा. शिवी नको, धमकी नको, तेच संदेश न्यायाधीश वाचणार आहेत. तारखांची नोंद ठेवा. दोन भेटी हुकल्या की त्याच कोर्टात अंमलबजावणीचा अर्ज करा. सहा महिने साठवत बसू नका, तेवढ्यात मूल तुम्हाला परकं होतं. अर्जात नेमकं मागा: बुडालेल्या भेटींच्या बदली तारखा, देवघेव समुपदेशकांच्या समोर, आणि खर्च. अवमानाची कारवाईही होऊ शकते, पण ती शेवटी. १८९० च्या अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये मूल हजर न केल्यास दंडही आहे: १०० रुपये, पुढे रोज १० रुपये, आणि एकूण ५०० च्या वर नाही! त्याच कलमात दिवाणी तुरुंगाची तरतूद आहे, दरारा असला तर तिचाच.

मूल उंबऱ्यावर रडून 'जायचं नाही' म्हणत असेल तर पोलीस आणून ओढून नेऊ नका. समुपदेशकांचा अहवाल मागा. अडचण आईची की मुलाची, ते त्यातून दिसेल.

हुकूमच चुकीचा वाटत असेल तर कौटुंबिक न्यायालयाच्या अंतिम निकालावर उच्च न्यायालयात अपील करायला ३० दिवस आहेत असं धरून चाला. अंतरिम हुकमावर अपील नाही, रिट याचिका करावी लागते. यासाठी आता मुंबईची रात्रीची गाडी पकडायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं आहे. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या वाचकांसाठीही हेच. शिवाय परिस्थिती बदलली तर खालच्या कोर्टातच हुकूम बदलून मागता येतो. मुलाच्या ताब्याचा हुकूम कायमचा नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच रोझी जेकब खटल्यात सांगितलं आहे.

प्रश्न : मुलाचा पासपोर्ट काढायचाय, वडील सही देत नाहीत. (ताराबाई पार्क)

दोघांच्या सहीचा नमुना परिशिष्ट 'डी', एकाची संमती नसेल तेव्हाचा परिशिष्ट 'सी'. 'सी' भरताना सही का मिळाली नाही ते खरं लिहा आणि कोर्टात काही चालू असेल तर तेही लिहा. लपवलं तर पासपोर्ट रद्द होऊ शकतो आणि ताब्याच्या खटल्यात तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, जे आधी येईल ते. पासपोर्ट हातात आला तरी भेटीचा हुकूम चालू असताना मुलाला परदेशी न्यायचं तर आधी कोर्टाची परवानगी घ्या. अर्जासोबत जाण्या-येण्याची तिकिटं आणि तिथला पत्ता जोडा. नुसतं जाण्याचं तिकीट जोडलेले अर्ज अडतात.